कल्याणीचा प्राड्विवाक

निलंग्याहून कासारशिरशीच्या रस्त्याने निघालं की महाराष्ट्राची हद्द संपते आणि थोड्याच वेळात बसवकल्याण येतं. १९५६ पर्यंत ही हद्द नव्हती. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तिन्ही तालुके निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात होते आणि कल्याणीही त्याच जिल्ह्यात होतं. आमच्या आजोबांच्या पिढीला जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे बीदर. राज्यपुनर्रचनेत आमचे तालुके मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आले, बीदर म्हैसूरकडे गेलं, आणि पुढे १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा निघाला. देगलूर, होट्टल, निलंगा, उमरगा या पट्ट्यातली काळ्या दगडाची जुनी देवळं पाहिली की ही सारी भूमी एकेकाळी एकाच राजधानीकडे तोंड करून होती हे कळतं. ती राजधानी कल्याणी, चालुक्यांची.

मी निलंग्याच्या दिवाणी कोर्टात वकिली करते. माझ्याकडची बहुतेक कामं वाटणीची. वडिलोपार्जित, सामायिक, सहहिस्सेदार, जन्मतः हक्क हे शब्द माझ्या तोंडात दिवसभर असतात. त्यांच्यामागचा विचार ज्या ग्रंथातून आला तो ग्रंथ इथून चहाच्या दोन थांब्यांवर लिहिला गेला, हे आमच्या बार रूममध्ये सांगितलं की लोक क्षणभर थांबतात. इ.स. ११०० च्या आसपास, सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात, पद्मनाभभट्टांचा मुलगा विज्ञानेश्वर याने कल्याणीत याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. बंगाल आणि आसामचा भाग सोडला तर जवळपास साऱ्या हिंदुस्थानात वाटणी आणि वारसा यांचा कायदा तिच्यावर उभा राहिला. १८१० मध्ये कोलब्रुकने तिच्यातल्या दायविभागाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि इंग्रजांच्या कोर्टांतले न्यायाधीश तिचे दाखले देऊ लागले.

मला मात्र आज वाटणीआधीच्या पानांबद्दल सांगायचं आहे. व्यवहाराध्याय सुरू होताना पहिला प्रश्न येतो तो न्याय कोणी करायचा याचा. राजाने, हे स्मृतीचं पहिलं उत्तर. पण राजा मोहिमेवर असेल, दुसऱ्या कामात गुंतला असेल, तर? मग सर्व धर्म जाणणाऱ्या एका विद्वान ब्राह्मणाला त्याच्या जागी बसवायचं. हा प्राड्विवाक. तो वादी-प्रतिवादींना प्रश्न विचारतो आणि सभ्यांसह, म्हणजे सभेत नेमलेल्या जाणत्यांसह, विचार करून निर्णय देतो.

नेमका हाच प्रश्न त्याच काळात इंग्लंडच्या राजांनाही पडला होता. नॉर्मन राजांचा एक पाय समुद्रापलीकडे नॉर्मंडीत असे. पहिला हेन्री तिकडे गेला की इकडचं राज्य सॉल्झबरीचा बिशप रॉजर चालवी. खजिन्याचा हिशेब त्याच्या हाती, न्यायही त्याच्या हाती. विक्रमादित्य कल्याणीत राज्य करत होता तेव्हाचाच हा माणूस. पुढे दुसऱ्या हेन्रीच्या काळात हे पद पक्कं झालं आणि ‘जस्टिशियर’ या नावाने ओळखलं जाऊ लागलं. राजा परदेशी असताना आज्ञापत्रं जस्टिशियरच्या नावाने निघत. तो सरन्यायाधीश होता, तिजोरी सांभाळणारा होता, वेळ पडली तर सेनापतीही होता. रॅनल्फ द ग्लॅनव्हिल हा ११८० मध्ये जस्टिशियर झाला. त्याआधी ११७४ मध्ये त्याने स्कॉटलंडचा राजा विल्यम याला लढाईत पकडलं होतं. म्हणजे न्यायासनावर बसलेल्या माणसाने एका राजाला कैद करून आणलेलं होतं. आज न्यायाधीशाचं चित्र मनात आणताना आपल्याला हे पचत नाही, पण तेव्हा सत्ता अशी वेगवेगळ्या खात्यांत वाटलेली नव्हती.

या माणसांचे शेवट वाचताना वाईट वाटतं. रॉजरला ११३९ मध्ये नव्या राजाने अटक केली आणि तो त्याच वर्षी मेला. ग्लॅनव्हिल ११८९ मध्ये पहिल्या रिचर्डच्या राज्यारोहणाबरोबर पदावरून गेला, राजाने त्याच्याकडून मोठी रक्कम वसूल केली, आणि धर्मयुद्धावर गेलेला हा म्हातारा ११९० मध्ये अक्का इथे वारला. त्याच्यानंतर लवकरच आलेला विल्यम लाँगचॅम्प ११९१ मध्ये पळून जाताना डोव्हरला बाईच्या वेषात सापडला. या मोठ्या जस्टिशियरांतला शेवटचा ह्यूबर्ट द बर्ग. १२१५ मध्ये मॅग्ना कार्टाच्या वेळी त्याला हे पद मिळालं. फ्रेंचांच्या स्वारीत त्याने डोव्हरचा किल्ला लढवला, १२१७ मध्ये समुद्रात त्यांचं आरमार हरवलं, आणि बालराजा तिसरा हेन्री मोठा होईपर्यंत राज्य तोलून धरलं. १२३२ मध्ये त्याच राजाने त्याला काढलं आणि देवळाच्या आश्रयातून ओढून बाहेर काढलं. मॅथ्यू पॅरिस हा त्या काळचा बखरकार सांगतो की बेड्या ठोकायला बोलावलेल्या लोहाराने हात आखडता घेतला: ज्याने देश वाचवला त्याच्या पायात मी बेडी घालणार नाही. १२३४ नंतर पद रिकामंच राहिलं, १२५८ मध्ये सरदारांनी ते पुन्हा जिवंत केलं आणि १२६५ मध्ये सरदारांचा पराभव झाल्यावर ते कायमचं संपलं.

एवढ्या ताकदीच्या पदाला जबाबदार धरणारा होता कोण? फक्त राजा. त्याची मर्जी असेपर्यंत सारं काही, मर्जी फिरली की बेडी. यात न्याय चुकला की बरोबर झाला याचा संबंध क्वचितच येई. ह्यूबर्टला काढलं ते त्याचा एखादा निकाल तपासून नव्हे.

आता कल्याणीकडे या. विज्ञानेश्वराने प्राड्विवाकाचं नाव सांगितलेलं नाही. त्याचं काम सांगितलं आहे आणि त्याने काम बिघडवलं तर काय, तेही सांगितलं आहे. सभ्यांनी राग म्हणजे आसक्ती, लोभ किंवा भय यांपायी शास्त्राविरुद्ध निकाल दिला, तर दाव्यात हरणाऱ्याला जितका दंड होतो त्याच्या दुप्पट दंड प्रत्येक सभ्याकडून वेगवेगळा घ्यायचा. सगळ्यांत मिळून एक दंड नाही, प्रत्येकाला वेगळा. पुढे त्याच अध्यायात असंही आहे की चुकीचा निकाल लागलेला दावा राजाने पुन्हा पाहावा आणि सभ्यांबरोबर खोटेपणाने जिंकलेल्या पक्षालाही दंड करावा. आमच्या कोर्टात वरच्या कोर्टाकडून निकाल फिरला तर खालच्या न्यायाधीशाला दंड होत नाही, आणि नसावाच, नाहीतर कोणी निर्भयपणे निकाल देणार नाही. पण नऊशे वर्षांपूर्वी, राजा हाच कायदा समजला जाण्याच्या काळात, न्याय देणाऱ्याच्या लोभाला आणि भीतीला अशी किंमत लावणं ही फार मोठी गोष्ट आहे. त्यातही भीती. लाच घेणारा दोषी, हे कोणीही म्हणेल. वरच्याला घाबरून चुकीचा निकाल देणाराही तितकाच दोषी, हे म्हणायला कणा लागतो.

याहून पुढची ओळ मला अधिक महत्त्वाची वाटते. नेमलेल्या सभ्यांनी खरं ते सांगितलं आणि तरी राजा उलट वागायला निघाला, तर? सांगितलं, आपलं काम संपलं, असं विज्ञानेश्वर म्हणत नाही. राजाला अडवलं पाहिजे, नाहीतर दोष सभ्यांना लागतो. न नेमलेला माणूस सभेत असला तर त्याच्यावर एवढा भार नाही; पण तोही खोटं बोलला किंवा कळत असून गप्प बसला तर दोषी. हे राजाच्या राजधानीत बसून लिहिलं आहे. ग्रंथाच्या शेवटी त्याच राजाची भरभरून स्तुतीही आहे: कल्याणीसारखं नगर नाही, विक्रमासारखा राजा नाही. विज्ञानेश्वराला त्यात विरोध वाटला नसावा, आणि मलाही वाटत नाही. चांगल्या राजाला अडवता येतं, म्हणूनच तो चांगला.

ही सभा चाले कशी? वादी येऊन तोंडी सांगतो ते प्रतिवादीच्या समोर लिहून घ्यायचं, त्यात वर्ष, महिना, पक्ष, दिवस, नावं, जाती. मग प्रतिवादीचं उत्तर. ते चारच प्रकारचं असू शकतं: मान्य आहे, खोटं आहे, घेतलं होतं पण फेडलं किंवा दानात मिळालं, किंवा याच गोष्टीचा निकाल पूर्वी लागून वादी हरलेला आहे. आज मी जो लेखी जबाब लिहिते त्याचे मुद्दे या चार खणांबाहेर जात नाहीत. चौथ्यासाठी आमच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत अकरावं कलम आहे. मग पुरावा: लेख, भोग म्हणजे वहिवाट, आणि साक्षीदार. यातलं काहीच नसेल तरच दिव्य.

जमिनीच्या दाव्यात अर्जात काय काय लिहावं याची दहा गोष्टींची यादी विज्ञानेश्वर देतो. देश, ठिकाण, जागा कशी वसलेली, नावं, माप, शेजारचे कोण, बाप-आजे कोण, आधीचे राजे कोण; आणि त्यात एक आहे क्षेत्राचं नाव. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. आमच्याकडे प्रत्येक शेताला नाव असतं. गट नंबर तलाठ्याला माहीत, घरात कोणी गट नंबराने बोलत नाही. चिंचेचं रान, मसनवटीकडचं, देवीचं, बावडीचं, सासूबाईंचं. दाव्याच्या परिशिष्टात गट नंबर, हेक्टर-आर आणि चतुःसीमा लिहिल्या की कायद्याचं भागतं. पण साक्षीच्या पिंजऱ्यात म्हातारी उभी राहते आणि तिला गट नंबर विचारला की ती गडबडते. शेताचं नाव विचारलं की कोणत्या बांधावर कोणतं झाड होतं, कोणत्या साली कोणी पेरलं, सगळं सांगते. म्हणून मी परिशिष्टात कंसात शेताचं नाव लिहिते. कोणाची हरकत आली नाही. १९५४ च्या खासरा पत्रकापासून पुढचे नंबर बदलत आले, एका गटाचे चार झाले, नाव तेच राहिलं. जुन्या मिसलीत निजामी अदालतीचे फैसले उर्दूत असतात, ते वाचणारे आता मोजके उरलेत; त्यातही मधेच एखादं असं मराठी नाव उर्दू अक्षरांत लिहिलेलं सापडतं.

सगळे तंटे राजाच्या माणसापर्यंत येत होते असं समजू नये. घरातली मंडळी, एका धंद्याच्या लोकांची श्रेणी, एका गावात राहणाऱ्या वेगवेगळ्या लोकांचा पूग, आणि शेवटी राजाने नेमलेले. खालच्याने दिलेला निकाल वरच्याकडे नेता येई, वरचा खालच्याकडे नाही. पुढे बहमनी आली, मोगल आले, मराठे आले, निजाम आला. सत्ता बदलल्या तरी ही उतरंड बरीचशी टिकली. गोतसभा बसे, पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, बलुतेदार आणि ठिकाणचा काझी एकत्र बसून महजर करत, आणि खाली प्रत्येकाच्या सहीच्या जागी त्याच्या कामाची निशाणी: पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस. शंभर डोळ्यांसमोर दिलेल्या निकालाला पाठीमागे जाऊन फिरवणं अवघड जाई.

दिव्याबद्दल एक सांगते, कारण यावरून आपल्या लोकांना उगाच हिणवलं जातं. स्मृतीत तुळा, अग्नी, जल, विष, कोश अशी पाच दिव्यं आहेत आणि मराठेशाहीपर्यंत उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचं रवा दिव्य होत होतं. इंग्लंडमध्येही दुसऱ्या हेन्रीच्या ११६६ च्या क्लॅरेन्डनच्या नियमांनी आरोपीला पाण्यात टाकायची पद्धत घालून दिली. तो माणूस तरंगला तर दोषी. १२१५ मध्ये चर्चच्या परिषदेने पाद्र्यांना त्यात भाग घ्यायला बंदी केली, तेव्हा कुठे ते थांबलं आणि त्या जागी पंच बसले. विज्ञानेश्वराचा नियम एवढाच होता की माणसांचा पुरावा असेल तिथे दिव्याकडे जायचं नाही.

वहिवाटीवर तर त्याने जे लिहिलं आहे ते मी दर महिन्याला कोणाला ना कोणाला सांगत असते. स्मृती म्हणते, मालकाच्या डोळ्यांसमोर दुसरा वीस वर्षं जमीन खात असेल आणि मालक बोलत नसेल, तर हानी होते. हानी कशाची? जमिनीची नाही, असं विज्ञानेश्वर ठासून सांगतो. गप्प बसलेल्या वर्षांच्या उत्पन्नाची. जमीन मालकाचीच. आजचा मुदतीचा कायदा याहून कडक आहे, तिथे परक्याच्या विरोधी कब्ज्याला बारा वर्षं पुरतात. पण सहहिस्सेदारांमध्ये मात्र आजही एकाचा कब्जा तो सगळ्यांचा कब्जा, उघडपणे हक्क नाकारल्याचं सिद्ध करावं लागतं. “आम्ही वीस वर्षं कसतोय, बहीण एकदा बांधावर आली नाही,” असं भाऊ म्हणतात. बहीण बांधावर कशी येईल? ती सासरी आहे. तिला दिवाळीला साडीचोळी होते, आणि वडील गेले की तेराव्यानंतर आठवडाभरात हक्कसोडपत्राचा कागद येतो.

इथे मला विज्ञानेश्वराच्या पानांवर जरा जास्त रेंगाळावंसं वाटतं. मिताक्षरेने मुलींना डावललं, असं सगळे म्हणतात, मीही कॉलेजात तेच शिकले. जन्मतः हक्क मुलांना, हे खरंच. त्या चौकटीबाहेर मुलगी राहिली, आणि त्या चौकटीमुळे पिढ्यान्‌पिढ्या बायका कोरड्या राहिल्या. पण त्याच ग्रंथात, भावांनी अविवाहित बहिणीला चौथा भाग द्यावा या वचनावर तो जे म्हणतो ते वाचा. काही टीकाकार म्हणत होते की चौथा भाग म्हणजे लग्नापुरता खर्च. विज्ञानेश्वर हे फेटाळतो. मुलाला जेवढा मिळाला असता त्याच्या चौथाईचा तिला हिस्सा आहे. बाप गेल्यावर मुलीही वाट्याच्या धनी आहेत. निपुत्रिक आणि विभक्त माणसाची मिळकत भावांना न जाता त्याच्या विधवेला सगळी जाते, नुसती पोटगी नाही, हेही त्याने प्रतिपक्ष खोडत खोडत मांडलं. आई-बापांत आईला आधी ठेवलं. स्त्रीधनाच्या व्याख्येत वारशाने, खरेदीने, वाटणीने आलेलंही बसवलं. आणि नातं कशाने ठरतं? पिंड कोण देतो यावरून नाही, एकाच शरीराचे अंश कोणात आले यावरून. मग मुलीत ते आले नाहीत का?

त्या चौथाईचं पुढे काय झालं? लोकांनी ती लग्नाच्या खर्चात जिरवली, इंग्रजी कोर्टांनी तो खर्च हाच तिचा हक्क समजला, आणि हिस्सा हा शब्द मागे पडला. नियम कल्याणीत लिहिलेला होता. तो अंमलात आणायला कोणत्या सभेत कोणता सभ्य बसला होता, आणि लोभापायी किंवा भावकीच्या भीतीपायी बहिणीला गप्प बसवलं म्हणून कोणाला दुप्पट दंड झाला? इंग्लंडच्या जस्टिशियरकडे आज्ञापत्राची ताकद होती, पण त्याच्या माथ्यावर राजाच्या मर्जीशिवाय काही नव्हतं. इथे माथ्यावर नियम होता, पण तो बहिणीच्या बांधापर्यंत नेणारा हात नव्हता. १२१५ मध्ये इंग्रज सरदारांनी राजाकडून लिहून घेतलं की न्याय विकणार नाही, नाकारणार नाही, लांबवणार नाही. कल्याणीतल्या सभ्यांच्या दंडाचा नियम त्याच्या शंभर वर्षं आधीच्या टीकेत, आणि मूळ स्मृतीत त्याहून कितीतरी आधी आहे. दोन्हीकडे कागद फार चांगला होता.

हात यायला विसावं शतक उजाडलं. १९५६ चा हिंदू वारसा कायदा, २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने मुलींना दिलेला सहदायाचा हक्क (तोही त्या दिवशी लग्न न झालेल्यांनाच), ९ सप्टेंबर २००५ ची देशभरची दुरुस्ती, आणि वडील २००५ ला हयात नसले तरी मुलीचा जन्मतः हक्क कायम, हा ११ ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. या निकालानंतर निलंगा, औसा, उदगीर, देगलूर, मुखेड, कुठल्याही कोर्टात विचारा, बहिणींचे दावे वाढलेले दिसतील. भावांचे वकील अजूनही एकच बचाव घेतात: लग्नात खर्च झाला, तोच तिचा हिस्सा. विज्ञानेश्वराने नऊशे वर्षांपूर्वी खोडलेला हाच मुद्दा. मागच्या हिवाळ्यात एका युक्तिवादात मी दायविभागातलं ते प्रकरण वाचून दाखवलं. त्याची कायद्याने गरज नव्हती, २०२० चा निकाल पुरेसा होता. पण समोरच्या बाजूला बसलेल्या थोरल्या भावाचं म्हणणं होतं की बाईला वाटा देणं आपल्या धर्मात नाही. त्याला उत्तर त्याच्याच शेजारच्या गावातून मिळायला हवं होतं. सरस-निरस पाहून वाटप करायचा हुकूम झाला, मोजणीची तारीख लागली आहे, आणि तिच्या हिश्श्यात विहिरीकडचा तुकडा यावा असा अर्ज मी दिला आहे.